नासक्या नारळाची चौकशी

बोईसरच्या विवेक नाट्यमंडळाने यंदाच्या कामगार नाट्यस्पर्धेसाठी एक गाजलेलं परदेशी नाटक निवडलं. एका गावात भीतीची साथ येते, माणसं एकमेकांकडे बोटं दाखवू लागतात आणि निरपराध बायकांना चेटकीण ठरवून फासावर चढवतात, असं त्याचं कथानक. दिग्दर्शक दिग्विजय तारापूरच्या एका रासायनिक कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. कुठल्याही गोष्टीच्या मुळाशी गेल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, म्हणून त्याने तालमीआधी नाटकाचा रीतसर अभ्यासवर्ग घेतला. 'आपण त्या गावात असतो, तर त्या बायकांच्या बाजूने ठामपणे उभे राहिलो असतो,' असा ठराव वर्गात एकमताने मंजूर झाला. सूचक अर्थातच दिग्विजय.

मग शुभारंभाचा नारळ फोडला. अंधश्रद्धा म्हणून नव्हे, परंपरा म्हणून. हा फरकही दिग्विजयने समजावून सांगितला. नारळ आतून काळाकुट्ट निघाला.

"योगायोग!" तो हसून म्हणाला, आणि सगळे हसले. पण संध्याकाळी बोईसरला जो वास येतो तो त्याही दिवशी आला, आणि नायिकेचं काम करणाऱ्या सुगंधाचा घसा बसला. वासाने बसला म्हणावं, तर ज्या कारखान्याचा वास त्याचीच मंडळाला देणगी. पाठोपाठ वीज गेली. वीज काय, नेहमीच जाते. पण नेहमी काही नारळ नासका निघत नाही.

"मी असलं काही मानत नाही," अध्यक्ष नागोराव म्हणाले. नाटकात ते न्यायाधीश होते. "पण नारळ आणला कुणी, एवढं कळायला काय हरकत आहे?"

नारळ मंगळीने आणला होता. म्हणजे तिच्या हातात तो सर्वांनी पाहिला होता. मंगळी डोंगरातल्या पाड्यावरून येऊन हॉल झाडायची आणि त्याच पगारावर तिचं घर चालायचं.

नारळ खरं तर दिग्विजयचा होता. 'अंधश्रद्धा आणि आपण' या व्याख्यानाबद्दल शालीबरोबर मिळालेला, तेव्हापासून स्कूटरच्या डिकीत लोळत पडलेला. दारात त्यानेच तो मंगळीच्या हाती दिला होता. एका वाक्यात सांगून मोकळं होता आलं असतं. पण मग दिग्दर्शकच अपशकुनी ठरला असता आणि दिग्दर्शन नागोरावांकडे गेलं असतं. ते टपूनच बसले होते. तेव्हा विषयाचा सखोल अभ्यास व्हावा म्हणून त्याने चौकशी समिती नेमली आणि निमंत्रकपद स्वतःकडे घेतलं.

मंगळीला बोलावलं. ती बिचारी सगळ्यांचीच समजूत घालू लागली.

"नारल नासला त चांगलाच हाय, सायेब. आमी म्हणतो, कोणावर येनारा वायट नारलावर गेला."

"बघा! हिला यातलं सगळं ठाऊक आहे," सुगंधा बसक्या आवाजात म्हणाली. इतिवृत्तात नोंद झाली: 'सदर महिलेस अशा बाबींचे विशेष ज्ञान असल्याचे तिच्याच कबुलीवरून निष्पन्न होते.'

"मी नाय आनला," मंगळी घाबरून दिग्विजयकडे वळली. "सायेब, तुमीच दिला ना माज्या हातात?"

सगळ्यांनी दिग्विजयकडे पाहिलं. दिग्विजयने संहितेत पाहिलं.

"मला नीटसं आठवत नाही," तो म्हणाला. अशाच साक्षीदारांवर तो अभ्यासवर्गात डोळ्यांत पाणी आणून बोलला होता. त्याला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली, पण लाजेपुढे त्याचं काही पाऊल पडेना.

मंडळ विवेकवादी असल्यामुळे मंगळीला चेटकीण वगैरे कुणीही म्हणालं नाही. 'सर्जनशील वातावरणास पूरक नसल्याने' तिला कामावरून कमी करण्यात आलं. ठरावाला दिग्विजयचा हात सर्वांत शेवटी वर गेला. तेवढा निषेध त्याने नोंदवला.

मंगळी बिऱ्हाड घेऊन वीटभट्टीवर गेली. नाटकाला पहिलं पारितोषिक मिळालं. शेवटच्या प्रसंगात सगळं प्रेक्षागृह हुंदके देत होतं. नागोरावांना तर न्यायाधीशाच्या खुर्चीतच रडू फुटलं. सत्कारात दिग्विजयला शाल आणि नारळ मिळाला. त्याने तो हळूच कानाशी धरून हलवला. आत पाणी वाजलं, तेव्हा त्याला हायसं वाटलं.

आणि वाचकहो, डिकीतला नारळ दिग्विजयचा, हे कळल्याबरोबर तुम्हीही मनात म्हणालात ना, 'सापडला!' नारळ नासला तर त्यात आणणाऱ्याचा गुन्हा कसला, हे तुम्हीही विचारलं नाहीत. बोईसरला जरूर या. पुढच्या प्रयोगात जमावाच्या प्रसंगाला माणसं कमी पडताहेत.