भालूकाकांचा हवालदार

भालूकाकांची आणि माझी पहिली भेट झाली ती माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत. मी आत भांडी घासत होते, ते बाहेर केळीच्या वाडीत कंपाउंडच्या भिंतीला चिकटून उभे. ओळख नाही, नमस्कार नाही. बनियनच्या आतून त्यांनी एक फोटो काढला, हात लांब करून गजांतून आत सरकवला आणि विचारलं,

"हा तुमच्याकडचा का?"

फोटोत एक गलेलठ्ठ बोका केळीच्या दोन खुंटांमधून लग्नाला निघाल्यासारखा ऐटीत चालला होता.

"आमच्याकडे मांजर नाही," मी म्हणाले.

"बोक्याचं नाही विचारत. त्याच्या तोंडातल्या तुकड्याचं विचारतोय."

मी हात पुसून नीट पाहिलं. सुरमईचा तुकडा. तळलेला, वर रवा लावलेला. फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत आदल्या रविवारची तारीख आणि वेळ, दुपारी एक वाजून बारा मिनिटं.

आता सांगायला हरकत नाही, पण त्या रविवारी कढईशेजारच्या ताटलीतून सुरमईचे दोन तुकडे गायब झाले होते आणि तेव्हापासून माझा नि आमच्या ह्यांचा अबोला चालू होता. "मी खाल्ले नाहीत," असं हे शपथेवर सांगत होते आणि "मग काय भिंतीने खाल्ले?" असं मी विचारत होते. मी तो फोटो घेऊन बाहेरच्या खोलीत गेले आणि नवऱ्याची माफी मागितली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. ही पहिलीच वेळ.

परत येऊन पाहते तर गृहस्थ तिथेच उभे.

"पटला ना पुरावा? मग फोटो परत द्या. वहीत बोक्याच्या पानावर चिकटवायचाय."

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. आम्ही बोळिंजच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये तळमजल्यावर नुकतेच राहायला आलो होतो आणि मी आगाशीच्या शाळेत शिकवत होते. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे भालूकाकांची वाडी. केळी, थोड्या सुपाऱ्या, पानवेल, आणि अगदी टोकाला केवड्याची नि करंजाची दाट जाळी. पूर्ण नाव भालचंद्र, पण ते कुणालाच आठवत नसे. टेलिफोन एक्सचेंजमधून रिटायर झालेले. अंगाने केळीच्या पानासारखे, वारा आला तर फाटतील असे. खाकी हाफ पँट, कानावर पेन्सिल, आणि कुणी काहीही सांगितलं की एकच प्रश्न: "पुरावा?"

"काका, आज उकडतंय ना?"

"पुरावा?" आणि मग खिशातून थर्मामीटर.

वाडीत रात्री कोण कोण येतं हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. केळीचे घड कुरतडलेले दिसायचे, सुपाऱ्या पडलेल्या दिसायच्या, ओल्या मातीत पावलं दिसायची. गडी म्हणे कोल्हा, शेजारी म्हणे भूत. काकांनी भाचीकडून आलेला एक ऑटोमॅटिक कॅमेरा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवला. डब्याला भोक पाडून त्यावर घड्याळाची काच चिकटवली. एक्सचेंजमधलं सगळं ज्ञान पणाला लावून त्याला दाराच्या बेलचं बटण, बॅटरी आणि एक खटका जोडला. बटणावर फळी आणि फळीवर पालापाचोळा. जनावराचं पाऊल फळीवर पडलं की बटण दाबलं जायचं, खटका कॅमेऱ्याची कळ दाबायचा, आणि लख्खकन उजेड. या यंत्राचं नाव त्यांनी ठेवलं होतं हवालदार.

"आज हवालदाराला बांधावर ड्युटी दिलीय," असं ते मला खिडकीतून सांगायचे. "कालपासून त्याचा मूड नाही. बॅटरी बदलली."

एका रोलमध्ये छत्तीस फोटो. रोल संपला की काका सायकलवर टांग टाकून आगाशीच्या बाजारात पास्कलमामांच्या स्टुडिओत. पास्कलमामांचा मुख्य धंदा लग्नांचा आणि ख्रिस्ती मुलांच्या पहिल्या कम्युनियनचा. पांढऱ्या झग्यातल्या मुलींच्या फोटोंमध्ये काकांची मुंगसं वाळत पडायची. एकदा पाकिटांची अदलाबदल झाली आणि गिरीजच्या एका नवरदेवाकडे बारा घोरपडी गेल्या. पास्कलमामांनी महिनाभर काकांचा रोल घेतला नाही. "अरे भालू," ते म्हणायचे, "तुझ्या जनावरांना सांग जरा हसा म्हणून. माझ्या दुकानाची अब्रू जाते."

बरं, छत्तीसांतले निम्मे तर असेच असायचे. अकरा फोटो शेजारच्या शेळीचे. पाच काकांच्या स्वतःच्या गुडघ्यांचे, कारण फळी नीट बसली का हे ते तिच्यावर उभं राहूनच बघायचे. आणि एका रोलमध्ये निघाले आमच्या सोसायटीचे अध्यक्ष पेडणेकर.

पेडणेकर म्हणजे शिस्तीचा माणूस. मागच्या भिंतीवर 'येथे लघवी करू नये' हे त्यांनीच उभं राहून रंगवून घेतलं होतं. फोटोत ते त्याच अक्षरांसमोर उभे होते. पहाटेची वेळ, पाठमोरे. काकांनी सभ्यपणे तो फोटो पाकिटात घालून त्यांच्या घरी नेऊन दिला आणि म्हणाले, "काळजी करू नका. मागून आहे. ओळख पटत नाही." जाता जाता जिन्यात थांबून म्हणाले, "निगेटिव्ह माझ्याकडे आहे."

त्यांच्या मनात काही नव्हतं. निगेटिव्ह जपून ठेवायच्या असतात, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण पेडणेकर तेव्हापासून काकांना वाकून नमस्कार करू लागले.

आणि मग त्या उन्हाळ्यात बिबट्या आला.

म्हणजे आला असं मंजुळाबाय म्हणाली. मंजुळाबाय अर्नाळ्याची कोळीण. पहाटे टोपली घेऊन वाडीच्या कडेच्या पायवाटेने यायची. एके दिवशी ती टोपली तिथेच टाकून धावत आमच्या गेटपाशी आली आणि मटकन बसली.

"वाघ! जालीत वाघ हाय गो बाय! अंगावर ठिपकं, ही मोठी शेपटी. पानी पिताना बगितला. माज्याकडं बगून असा गुरकावला!"

दुपारपर्यंत तो वाघ पायवाटेवरून उठून सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर चढला होता. संध्याकाळपर्यंत त्याला मादी मिळाली. पेडणेकरांच्या सौभाग्यवतींनी डरकाळी ऐकली (तो दुसऱ्या विंगचा पंप होता, पण हे नंतर कळलं). लोक दूध आणायला चमच्याने ताटं बडवत जाऊ लागले. कुणीतरी चिखलातला पंजा शोधून त्यावर टोपली झाकून ठेवली आणि काकांना बोलावलं. काका गुडघ्यांवर बसले, भिंगाने पाहिलं आणि म्हणाले, "हा रबरी चपलेचा अंगठा आहे. उजवा."

पण हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. मुलांचं खेळणं बंद झालं होतं. रविवारी सोसायटीची तातडीची मीटिंग भरली आणि ठरलं की वाडीच्या टोकाची जाळी पेटवून द्यायची. वाघ असेल तर पळेल, नसेल तर बरंच. जाळी काकांची होती, पण काका एकटे आणि समोर चौसष्ट फ्लॅट. दोघातिघांनी रॉकेलची तयारीही करून ठेवली होती.

काका मागच्या रांगेत उभे होते. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, रक्त उतरून गेल्यासारखा.

"बिबट्याला पुरावा?" ते म्हणाले. "मला आठ दिवस द्या. हवालदार जाळीच्या तोंडाशी लावतो. बिबट्या निघाला तर मी स्वतः काडी लावीन."

"आठ दिवसांत कुणाला खाल्लं तर?" कुणीतरी ओरडलं.

काकांनी घाम पुसायला खिशात हात घातला. पेडणेकरांनी तो हात पाहिला.

"पंधरा दिवस घ्या की भाईसाहेब," पेडणेकर घाईघाईने म्हणाले. "घाई कसली?"

काकांनी खिशातून रुमालच काढला. पण ठराव पास झाला होता.

सातव्या दिवशी रोल संपला. आगाशीच्या बाजारात पास्कलमामांच्या दुकानापुढे तीसेक माणसं. एस.टी.ला वळायला जागा नाही. मंजुळाबाय टोपलीसकट दारातच फतकल मारून बसलेली, आणि तिच्या टोपलीभोवती बाजारातली सगळी मांजरं. काका आत उभे राहीनात, बाहेर उभे राहीनात. तासाभराने डार्करूमचा पडदा बाजूला झाला आणि पास्कलमामा ओला फोटो चिमट्यात धरून बाहेर आले.

"भालू," ते म्हणाले, "तुझा वाघ आला."

फोटोत एक प्राणी होता. मांजरापेक्षा जरा लांब, बुटके पाय, अंगभर ठिपक्यांच्या ओळी, शेपटीवर काळी कडी. तोंडात एक भलीमोठी घूस. कॅमेऱ्याकडे तो अशा नजरेने बघत होता की जणू जेवताना कुणी बेल वाजवली.

"जवादी मांजर," काका म्हणाले. खुर्ची मागून घेऊन ते बसलेच. "जवादी आहे. उंदीर खातं. घुशी खातं. त्याच्यामुळे तुमच्या गटारात घुशी कमी आहेत, कळलं का?"

"हाच तो!" मंजुळाबाय ओरडली. "ह्योच माजा वाघ!"

"अगं, पण हे तर मांजर आहे. तू एवढा मोठा सांगितलास," पेडणेकर हात पसरून म्हणाले.

"मंग? डोस्क्यावर टोपली, पुढ्यात जनावर. मी काय फूटपट्टी घेवन गेलते काय?"

सगळा बाजार हसला. मग पास्कलमामांनी दुसरा फोटो पुढे केला. तेच जनावर, आणि त्याच्या मागे जाळीतून बाहेर डोकावणारी तीन इवलीशी तोंडं. सगळ्यांत मागच्याचा एकच कान दिसत होता. रॉकेल आणून ठेवलेल्यांपैकी एकाने तो फोटो बराच वेळ हातात धरला आणि मग पुढच्याकडे दिला.

दुसऱ्या दिवशी तो फोटो मोठा करून सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लागला. खाली पेडणेकरांच्या अक्षरात: 'हा बिबट्या नाही. रहिवाशांनी घाबरू नये. ताटे बडवू नयेत.' काका रोज एकदा काहीतरी निमित्ताने बोर्डासमोरून जायचे. बोर्डाकडे बघायचे नाहीत. फक्त त्याच्यासमोर हळू चालायचे.

दिवाळीच्या सुट्टीत मी चकल्यांचा डबा घेऊन त्यांच्या घरी गेले. इतके दिवस आमचं बोलणं सगळं खिडकीतून, घर मी पाहिलंच नव्हतं. वाडीच्या पलीकडच्या टोकाला दोन खोल्यांचं कौलारू घर. दाराला कडी. हाक मारली, उत्तर नाही. डबा ठेवावा म्हणून पायपुसण्यावर पाऊल टाकलं आणि खट्! लख्खकन उजेड! मी किंचाळून डबा टाकला. चकल्या अंगणभर.

काका केळीतून धावत आले. चकल्या बघितल्या, मला बघितलं आणि चोरी पकडल्यासारखे लाल झाले. पडवीच्या खांबाला, कुंडीच्या आड, बिस्किटांचा डबा बांधलेला होता.

"काका, इथे कोण जनावर येतं?"

ते चकल्या गोळा करू लागले. फुंकर मारून एकेक डब्यात ठेवत होते.

"माझा धाकटा भाऊ तुळिंजला राहतो," शेवटी ते म्हणाले. "एकत्र होतो आम्ही, ह्याच घरात. त्याने त्याच्या वाट्याची वाडी बिल्डरला दिली, तुमचं कॉम्प्लेक्स उभं आहे तीच. तुमच्या स्वयंपाकघराच्या जागी आमचं बावखल होतं, छोटं तळंच. दोघं पोहायला शिकलो त्यात. मी त्याला बोललो नको ते. नऊ वर्षं झाली." चकलीचा एक तुकडा त्यांनी मुंग्यांसाठी तसाच ठेवला. "गेल्या वर्षी दूधवाला म्हणाला, तुमच्यासारखाच एक माणूस दारात उभा होता. हाक मारली, थांबला, गेला. मी मागे केळीला पाणी लावत होतो. ऐकू आलं नाही."

"मग तुम्हीच जा ना तुळिंजला. इथून किती लांब आहे?"

"जाईन. आणि तो म्हणाला, मी कधी आलोच नव्हतो, तर?"

मीही खाली बसून चकल्या वेचायला लागले.

पंधरा दिवसांनी शाळा सुटल्यावर आगाशीच्या थांब्यावर मी बसची वाट बघत होते. काका सायकलवरून उतरले. हातात पास्कलमामांचं पाकीट.

"रोल संपला," ते म्हणाले.

"भाऊ?"

त्यांनी मान हलवली. "दूधवाला. दोन कुत्रे. मीटर वाचणारा. पोस्टमन एकदा, तोही चुकून. आणि तुम्ही."

त्यांनी माझा फोटो पुढे केला. दारात मी, एक पाय वर, डबा हवेत, तोंड उघडं, डोळे घट्ट मिटलेले. इतका भयंकर फोटो माझा आजवर कुणी काढला नाही. मी तो पाकिटात घालणार तोच त्यांनी हळूच माझ्या हातून काढून घेतला आणि स्वतःच्या खिशात ठेवला.

बस आली. मी पायरीवर चढले. सायकल धरून ते खालीच उभे होते, माझ्याकडे न बघता, समोरच्या दुकानाच्या पाटीकडे बघत.

"डोळे मिटलेत तुमचे," ते म्हणाले. "परत यावं लागेल."