लाल का फिक्कं?

जतच्या एसटीत तिकीट द्यायला वाकलेल्या कंडक्टरची खालची पापणी बिरूतात्यांनी अंगठ्यानं खाली ओढली आणि शेजारच्या बाईला विचारलं, "बघ गं, आत लाल हाय का फिक्कं?"

बाई दचकून म्हणाली, "लाल."

"मलाबी लालच दिसतंय," म्हणून तात्या खिडकीबाहेर बघायला लागले. रागवावं की आभार मानावेत, हे कंडक्टरला कळेना.

गावात कुणालाच कळत नव्हतं. चावडी असो, दूधडेअरी असो, तात्या एकाची पापणी ओढत आणि रंग दुसऱ्याला विचारत. एका लग्नात तर बोहल्यावर चढणाऱ्या नवऱ्याला धरलं. करवली म्हणाली, "गुलाबी." झाला घोळ. "गुलाबी म्हंजी लाल का फिक्कं? धड एक सांग की!" अक्षता हातात घेऊन मांडव खोळंबला.

मी त्या गावचा आरोग्य सेवक, आता निवृत्त. तात्या मला डाक्टर म्हणत. मी डॉक्टर नाही म्हटलं की उत्तर ठरलेलं, "सुई टोचता न्हवं? मंग?" लोक मला विचारायचे, तात्यांना झालंय तरी काय? मलाही उमगत नव्हतं. "वय झालं," म्हणून मी मोकळा व्हायचो.

तात्या धनगर. मेंढराची पापणी उलटी करायची, आत फिक्कं दिसलं तर पोटात जंत आणि अंगात रक्त नाही, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. त्यांच्या कळपातलं मेंढरू सहसा दगावत नसे.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी अंगणवाडीत एक ते तीन वर्षांच्या पोरांचं रक्त तपासायचं होतं. या वयात अंगात लोह कमी पडलं की चालणं, बोलणं, शिकणं मागं पडतं. बोटाला टोचून एक थेंब मशीनच्या पट्टीवर घ्यायचा, की आकडा येतो. चार पोरं झाली आणि मशीन बंद पडलं. आया रोजगार बुडवून आलेल्या, पोरांचा एकच टाहो, आणि संध्याकाळपर्यंत यादी पाठवा म्हणून वरून फोनवर फोन. उरलेल्या पोरांना मी टोचत गेलो, बंद मशीनकडं गंभीर चेहऱ्यानं बघत गेलो आणि पहिल्या चौघांचे आकडे थोडे इकडंतिकडं करून लिहीत गेलो.

शोभाची रूपा त्या उरलेल्यांतली. दोन वर्षांची होत आली तरी उभी राहत नव्हती. भिंतीची माती खरवडून खायची. तात्या त्यांचे शेजारी. त्यांनी अंगणवाडीच्या पायरीवर तिची पापणी ओढली.

"डाक्टर, पोरगी पांढरीफटक हाय."

"तात्या, ही मेंढरं न्हाईत." आया हसल्या.

"म्हणून तर तुमाला इचारतोय. मेंढरांचं मी कुणाला इचारत न्हाई."

मी कागद पुढं केला. "चांगलं आलंय रक्त."

तात्यांना वाचता येत नव्हतं. ते कागदाकडं बघत, मग रूपाकडं, पुन्हा कागदाकडं. "मशीन म्हणतंय?"

"व्हय."

ते निघून गेले. महिनाभरात त्यांनी सगळी मेंढरं विकली. पापण्या ओढणं सुरू झालं ते त्यानंतर.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. तोवर मी निवृत्त झालो होतो. नव्या सिस्टरच्या मशीनवर रूपाचं रक्त फारच कमी निघालं. लोहाचं औषध सुरू झालं, आणि हळूहळू ती पावलं टाकायला लागली. बोलताना अजून अडते. ते त्या सहा महिन्यांमुळं की आणखी कशामुळं, कुणी सांगू शकत नाही. शोभा मला म्हणाली, "आण्णा, तवा तर चांगलं हुतं की वो. मीच खायला घालाय कमी पडले."

"होतं असं," मी म्हणालो.

हे मला पेलवेना. मी आधी तात्यांकडं गेलो, कारण तिथं जाणं सोपं वाटलं. ते दारात घोंगडं टाकून बसले होते. मशीन बंद होतं, आकडा माझ्या मनाचा होता, सगळं सांगितलं.

तात्यांनी विचारलं, "म्हंजी तवा पोरगी फिक्कीच हुती?"

"व्हय."

"आन् मला फिक्कीच दिसली हुती?"

"व्हय, तात्या."

"मला वाटलं, माझी नजर गेली. रंग कळंना तर मेंढरं कशी राखायची? इकून टाकली. मंग भेटंल त्याला इचारत सुटलो, त्येला दिसतंय त्येच मला दिसतंय का. जुळायचं समद्यांचं. पर इस्वास बसंना. मशीन कशाला खोटं बोलंल?"

आता शिव्या देतील म्हणून मी मान खाली घालून बसलो. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"उचलून जतच्या दवाखान्यात न्यायला पायजे हुती मी पोरीला," तात्या म्हणाले. "शेजारीच तर हुतो."

"चूक माझी हाय, तात्या."

"कागद तुमचा हुता. डोळं माझं हुतं." ते उठले. "चला. ती येडी सवताला दोष देत बसलीया."

शोभाच्या दारात मी शब्द जुळवत उभा राहिलो. मी तोंड उघडायच्या आत तात्या म्हणाले, "शोभे, आमचं चुकलं गं."

म्हणून हे लिहून ठेवतोय. त्यांचं काही चुकलं नव्हतं.