सोनमाडीच्या सात पायऱ्यांचा तह

श्रीकुलदैवत समर्थ. पेठ नांदो, गिऱ्हाईक नांदो. शके १९४१, विकारी नाम संवत्सरे, वैशाखमासी, एका राज्यात, ज्याचे नाव घेऊन कोणास दुखवू नये, राजधानीचे भर चौकात सोनमाडी नामे शंभर वर्षांची दगडी इमारत होती, आणि तीत कापडवाल्यांची बारा दुकाने, आणि आत काळोख ऐसा की निळे आणि काळे एकच. म्हणोन रिवाज पडला की गिऱ्हाइकाने वस्त्र उचलावे, पुढच्या सात पायऱ्यांवर उन्हात न्यावे आणि रंग पाहावा. आणि कोणी वस्त्र घेऊन पळालेही नाही. दुकानदारांत मुख्य रेवणशेठ शेटे, वय सत्तर, जीभ तिखट. "बाई, आत सगळंच चांगलं दिसतं, उन्हात बघा," हे त्यांचे ब्रीद, आणि चाळीस वर्षांत एक वस्त्र परत आले नाही, याचा त्यांस मोठा अभिमान. मग विकासाची फौज चौकात उतरली. सेनापती इमलेबहाद्दर, ज्यांस प्रजा बिल्डर म्हणे, यांनी अकरा दुकानदार चहा-खारीवर फितविले, आणि रेवणशेठ एकटे गड धरून बसले. मग तहाची बोलणी जाहली. शेठजी बोलिले, "दुकान कुठंही द्या. पायऱ्या गेल्या तर माझा धंदा गेला." बहाद्दर बोलिले, "शेठ, एक दगड हलणार नाही. स्टॅम्पपेपरवर देतो." तैसे दिधले, आणि शेठजींनी विजयाचे पेढे वाटिले, आणि सोनमाडी भुईसपाट जाहली.

शके १९४५, शोभन नाम संवत्सरी, अठरा मजली काचेचा किल्ला उभा राहिला. बहाद्दर वचनाचे पक्के. सातही पायऱ्या जागच्या जागी, घासूनपुसून, पितळी पाटीसह. फक्त आता त्या दिवाणखान्याचे आत, आणि डोईवर सोनेरी दिवे. मग सुंद्राबाई खरात लेकीचे लग्नास हिरवा शालू घेण्यास शेठजींचे नव्या दुकानी आल्या, आणि शालू घेऊन दाराकडे निघाल्या, तो रखवालदार आडवा जाहला, "बिलाशिवाय माल बाहेर नाही, वरून हुकूम आहे." शेठजींनी शालू पायऱ्यांवर, सोनेरी दिव्यांखाली धरून पाहिला, आणि म्हणाले, "हिरवाच आहे, बाई. माझ्यावर विश्वास ठेवा." ऐसे वाक्य त्यांनी जन्मात प्रथमच उच्चारिले. तिसरे दिवशी बाई परतल्या. "शेठ, अंगणात नेला तर निळा निघाला. तुमच्या शब्दावर नेला होता." शेठजींनी शालू घडी करून ठेविला, आणि म्हणाले, "चूक माझी. दगड लिहून घेतले, ऊन लिहून घ्यायचं राहिलं."

एवंच, सोनमाडी पडली, तह अक्षरशः पाळला गेला, राज्य भरभराटीस आले. रेवणशेठ त्या दिवसापासून दुकानी बसले नाहीत. घडले तैसे लिहिले.