गायकवाडकाका आणि उघडं बॉनेट

आमच्या गायकवाडकाकांच्या गाडीच्या एअर फिल्टरवर त्यांची सही असते. सहीखाली तारीख, तारखेखाली 'आवक' असा शेरा. ऑइल फिल्टरवर तेच, बॅटरीवर तेच. वायपरच्या पात्यावर जागा कमी, म्हणून तिथं नुसतं 'द. गा.' एवढंच. पस्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात आवक-जावकच्या टेबलावर बसलेला माणूस. निवृत्तीनंतर टेबल सुटलं, सवय सुटली नाही. "आवक केल्याबिगर वस्तू वापरात घ्यायची न्हाई," हे त्यांचं आवडतं वाक्य. मग ती वस्तू फिल्टर असो की शेंगाचटणीची बरणी.

विजापूर रोडला आमची चार मजल्यांची सोसायटी आहे. काका तळमजल्यावर एकटे राहतात. काकू जाऊन चार वर्षं झाली. मुलगी हैदराबादला असते. मी दुसऱ्या मजल्यावर. कॉलेजात इतिहास शिकवतो म्हणून ते मला 'सर' म्हणतात, पण गाडीच्या बाबतीत माझी इयत्ता पहिलीच धरतात.

या सह्यांमागे एक प्रकरण आहे. काकांची पांढरी गाडी नवी होती तेव्हा ती रीतसर गॅरेजमध्ये जायची. एकदा बिलावर 'एअर फिल्टर बदलला' असं आलं. काकांनी घरी येऊन झाकण उघडलं, तर आत त्यांच्याच सहीचा जुना फिल्टर. तेव्हाही ते सही करायचे, पण निव्वळ सवयीनं. त्या दिवसापासून ती पुरावा झाली. काका गॅरेजमध्ये गेले, भांडले नाहीत. फिल्टर काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "ही माझी सही. खात्री करून घ्या." आणि परत आले. त्यानंतर कित्येक वर्षं त्यांनी गाडी कुठल्याच गॅरेजला दाखवली नाही.

"गॅरेजला गाडी दिली की आपण आपल्याच गाडीचे पाहुणे हो सर," ते मला सांगायचे. "बसा म्हणतेत, च्या घ्या म्हणतेत. आतमधी काय चाललंय ते काचंतनं बघायचं."

मी मात्र पाहुणचार आवडणाऱ्यातला. माझी गाडी वर्षातून एकदा गॅरेजला जाते आणि धुऊनपुसून, लिंबाचा वास मारून परत येते. अशीच ती एकदा आली असताना काका खिडकीतून आत डोकावले.

"वास बदलला. तेल बदललं का?"

मी बिल चाचपू लागलो. काकांनी माझं बॉनेट उघडायला लावलं, काडी काढून तेल पाहिलं. तेल बदललेलं होतं. त्यामुळे ते जरा खट्टू झाले. मग त्यांनी एअर फिल्टर बाहेर काढला. त्यात सुकलेला कडुलिंबाचा पाला, दोन पिसं आणि वाळक्या काड्या.

"बघा," काका खुलून म्हणाले. "चिमणीनं संसार मांडलाय."

दर रविवारी सकाळी आठला काका पार्किंगमध्ये येत. जुनी फाटकी चादर गाडीखाली अंथरत. गाडीबरोबर मिळालेलं माहितीचं पुस्तक खाकी कव्हर घालून जपलेलं असे. ते टपावर उघडं ठेवत आणि बॉनेट वर करत. पुस्तक त्यांना पाठ होतं. तरी प्रत्येक कामाआधी ते पान काढून, त्यावर बोट ठेवून वाचत. पाणी बघणं, टायरची हवा मोजणं, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुणं, ही कामं ते खरंच छान करत. गाडी महिन्यातून फार तर दोनदा बाहेर निघे, कुंभारीला भावाच्या शेतावर. ज्या गाडीला धुळीशिवाय काही होत नव्हतं, तिची दर आठवड्याला तपासणी होई.

एकदाच मोठा घोटाळा झाला. काकांनी इंजिनचं तेल बदलायला घेतलं. खालचा बोल्ट काढून काळं तेल टबात घेतलं, टब बाजूला ठेवला, वरून नवीन तेल ओतलं. पूर्ण डबा. दोन मिनिटांत ते नवंकोरं तेल गाडीखालून निघालं आणि चादर ओलांडून पहिल्या मजल्यावरच्या बिराजदारवहिनींच्या स्कूटीकडे चाललं. बोल्ट काकांच्या शर्टाच्या खिशात होता.

मी धावत खाली गेलो. काका पुस्तकासमोर उभे होते.

"बोल्ट काढा, असं हितं लिहिलंय," ते शांतपणे म्हणाले. "परत लावा, हे पुढच्या पानावर हाय. मी पान उलटलंच न्हाई सर."

सगळी सोसायटी लाकडाचा भुसा घेऊन खाली आली. बिराजदारवहिनी घसरल्या, पण काकांवर रागावल्या नाहीत. कारण त्यांच्या स्कूटीचा हॉर्न काकांनीच दुरुस्त केला होता. दुपारपर्यंत भुसा टाकणं, झाडणं, पुसणं चाललं. काका सगळ्यांची परत परत माफी मागत होते आणि, मला आज वाटतं, मनातून खूश होते.

यंदाच्या उन्हाळ्यात काकांची कंबर धरली. गाडीखाली गेले ते त्यांना बाहेर येता येईना. मी आणि वॉचमननं मिळून त्यांना चादरीसकट ओढून काढलं. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि तीन महिने वाकायचं नाही म्हणून सांगितलं. नेमकी तेव्हाच गाडीच्या तेलाची मुदत भरत आली होती.

"गॅरेजला न्यायची का?" मी विचारलं.

काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः वर आले. "चला. पण काचंआड बसणार न्हाई."

मी त्यांना होटगी रोडला रशीदभाईंकडे नेलं. पत्र्याची शेड, काच नाहीच. रशीदभाई साठीचे, बोलायला मोकळे. त्यांनी बॉनेट उघडलं आणि एकेक भाग बोटानं पुसून पाहिला. काका पट्ट्यावर हात ठेवून, पुस्तक छातीशी धरून उभे. निकाल ऐकायला उभं राहावं तसे.

"कौन देखता ये गाडी?" रशीदभाईंनी विचारलं.

"मीच की," काका म्हणाले.

"बहुत साफ रखे चचा. ऐसी गाडी आती नहीं मेरे पास."

काकांनी चष्मा काढून पुसला. मग रशीदभाईंनी नवा फिल्टर बसवण्याआधी त्यांच्यापुढे धरला, आणि काकांनी खिशातलं पेन काढून सावकाश सही केली. येताना गाडीत ते एकदाच बोलले, "माणूस बरा हाय." काकांच्या तोंडून मेकॅनिकबद्दल एवढं ऐकल्यावर प्रश्न मिटला असं मला वाटलं.

पुढच्या रविवारी सकाळी मी गॅलरीत चहा घेत होतो. आठला काका खाली आले. हातात चादर नाही, पुस्तक नाही. गाडी चकाचक, बॉनेट बंद. ते नुसते गाडीला टेकून उभे राहिले. दूधवाला गेला. बिराजदारवहिनी भाजीला निघाल्या. जाता जाता म्हणाल्या, "आज सुट्टी वाटतं काका," आणि गेल्या. वरच्या मजल्यावरचं जोडपं हसून, हात करून गेलं. कुणी थांबलं नाही. अर्ध्या तासानं काकांनी हातातल्या रुमालानं स्वच्छ आरसा पुन्हा पुसला.

मी चप्पल घालून खाली गेलो. "काय काका, कंबर कशी आहे?"

"बरी हाय. एक सांगू का सर? गाडी उघडी असली की माणूस थांबतंय. काय झालं विचारतंय. चार गोष्टी बोलतंय. ही गेल्यावर पहिले सहा महिने मी हितंच खुर्ची टाकून बसायचो. लोक नमस्कार करून जायचे. मग एक दिवस बॅटरी उतरली म्हणून बॉनेट उघडलं, तर पाचजण गोळा झाले. कुणी पाणी आणलं, कुणी पोहे आणले." ते ओशाळं हसले. "गॅरेज लई वाईट हाय, असं काय न्हाई हो."

मी वर गेलो, माझ्या गाडीची किल्ली आणली आणि काकांच्या गाडीशेजारीच माझं बॉनेट उघडलं.

"काय झालं?" काका म्हणाले.

"मला तेल बघायला शिकवा. तुम्ही वाकू नका. तुम्ही सांगा, मी करतो."

काकांनी मनगटाची बटणं सोडून बाह्या वर केल्या, जणू हात त्यांनाच घालायचा होता.

"आधी इंजिन बंद हाय का बघा," ते म्हणाले. "मग पिवळी काडी. दमानं."

मी काडी ओढली. तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन बिराजदारवहिनी परत आल्या, पिशवी जमिनीवर ठेवली आणि आत डोकावून म्हणाल्या, "सरांच्या गाडीला काय झालं हो काका?"

"बसा, सांगतो," काका म्हणाले आणि खुर्ची आणायला घरात गेले. येताना त्यांनी तीन खुर्च्या आणल्या.