भुजंगराव चालक यांचे गढीत नवे कार्ड बसले, त्याची हकीकत

॥ श्री कुळस्वामिनी प्रसन्न ॥ श्रोते सज्जन हो, सरकोन जवळ बसा, मागे भिंतीस टेकलेत तेही पुढे या. एक गोष्ट सांगतो, ऐकोन टाळी आपसूक पडेल ऐशी आहे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, आश्विन शुद्ध दशमी, दसऱ्याचा सुदिन. ते समयी एक राज्य होते. राज्य म्हणजे तीन खोल्या आणि वर गच्ची, परंतु राज्यच. तेथे भुजंगराव राज्य करीत. त्यांनी अवघी उमर एसटी हाकिली, आणि मग सेवानिवृत्त होऊन सिंहासनी, म्हणजे खिडकीजवळील खुर्चीवर, विराजमान जाहले. राणी मथुबाई कीर्तनाच्या मोठ्या भोक्त्या. गावात बुवा उभे राहिले की बाई पहिल्या ओळीत, आणि झांज चुकली तर बुवांआधी बाईंची मान हाले. कन्या सुचिता, इस्पितळात परिचारिका, दूर शहरी राहे. बापलेकीचा एकमेकांवर जीव बहुत, परंतु फोनवर बोलणे होईना. "जेवलीस?" "जेवले. तुम्ही?" "जेवलो." इतके होऊन फोन मथुबाईंचे हाती.

तेव्हा कन्येने युक्ती केली. घरच्या जुन्या संगणकावर बस हाकण्याचा खेळ घालोन दिला, स्टेअरिंगही पाठविले. खेळ ऐसा, की बाप आपले घरी बसोन पुढली बस हाकी, कन्या आपले घरी बसोन मागली, आणि वाट दोघांस एकच. मग काय नवल सांगावे! घाट लागला की भुजंगरावांस वाचा फुटे. "गिअर उतरव गं. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस." आणि त्यातच, "तुझा खोकला कसा आहे?" हेही सहज निघोन जाई. परंतु खेळाची नवी आवृत्ती आली, तीत कोकणात उतरणारा थोर घाट आला, आणि जुने ग्राफिक कार्ड वृद्ध जाहले होते. डोंगर आधी दिसे, रस्ता मागाहून येई, तोवर बस दरीत. आणि सुचिताने तर वचन दिले होते, "बाबा, लहानपणी दसऱ्याला तुम्ही कधी घरी नसायचात. या दसऱ्याला आपण दोघं कोकणात उतरू. मला आठला ड्यूटीवर जायचंय, त्याआधी." आणि ते खरेच होते. सणास जादा गाड्या सुटत, आणि राजे हार घातलेली बस घेऊन दुसऱ्यांची माणसे त्यांचे गावी पोचवीत.

म्हणोन दसऱ्याचे दुपारी संगणक दुरुस्तीवाले दस्तगीरभाई नवे कार्ड घेऊन राज्यात दाखल जाहले. गढी, म्हणजे संगणकाचा डबा, उघडिली. आत धुळीचे गालिचे. ते झाडिले, आणि वृद्ध कार्डास सन्मानपूर्वक बाहेर काढिले, आणि मथुबाईंनी त्यास पुसोन देव्हाऱ्यापाशी ठेविले. नवे कार्ड दोन पंख्यांचे, लांबीने थोर. मार्गात हार्ड डिस्कची चौकट आडवी आली, तीस दुसरे जागी हलविले, मग कार्ड खट् करोन गादीवर बसले. दस्तगीरभाई झाकण लावू गेले, तो राजे बोलिले, "थांब रे! नवी गाडी पूजेशिवाय डेपोबाहेर काढत नाही मी." "काका, गाडी कुठली? कार्ड आहे हे." "चालवणार कोण? मी ना? मग गाडीच." आणि डब्यास झेंडूचा हार जाहला, स्टेअरिंगखाली लिंबू ठेविले, नारळ बाहेर पायरीवर फोडिला. मग दस्तगीरभाई हात धुवोन श्रीखंडास बसले, आणि मथुबाईंनी डोळे मिटोन, भाव दाटोन, अक्षता वाहिल्या. त्या बाहेरही पडल्या आणि उघड्या डब्यात आतही पडल्या, हे कोणाचे ध्यानी आले नाही. मग झाकण लागले.

पाच वाजता कन्या आपले घरून फोनवर हजर जाहली. पडदा उजळला आणि काय तो घाट! करवंदीची पाने वेगळाली दिसतात, ओल्या रस्त्यावर ढग दिसतो. "अगं, हा तर खराच आहे!" राजे उभेच राहिले. परंतु दुसरे वळणी पडदा काळा. पुनः चालू केले, पुनः त्याच वळणी काळा. ऐसे होता होता सहा वाजोन गेले. दस्तगीरभाईंचे कपाळी घाम आला. सुचिता फोनवरून बोलिली, "बाबा, राहू दे. आपण असंच बोलू." राजे म्हणाले, "बरं." आणि स्टेअरिंगखालचे लिंबू उगाच सरळ केले. "जेवलीस?" राजांनी विचारिले. संध्याकाळचे सहा वाजता!

हे मथुबाईंस सोसवेना. त्यांनी डब्यास कान लाविला. "परत चालू करा बघू... थांबा. आत कोणीतरी चुकीची झांज वाजवतंय." "काकी, पंखा आहे तो." "मग पंखा तालात नाही, दस्तगीर. टक, टक, मग खाली, मग परत टक." मग वीज बंद करोन झाकण उघडिले, तो काय! दोहोंपैकी एका पंख्याचे पात्यात कुंकवाचा लाल तांदूळ अडकलेला. पंखा अडखळे, कार्ड तापे, आणि आपला जीव राखावया निजे. दस्तगीरभाई मोठ्याने हसले, "काकी, आशीर्वाद जरा जास्तच आत गेला हो!" "गेला तर गेला. काढ आता, मुलगी वाट बघतेय." काटे काढावयाच्या चिमट्याने दाणा काढिला, बाकीच्या अक्षता झटकिल्या, मग दोन्ही पंखे एका लयीत फिरू लागले, आणि मथुबाईंची मान डोलली.

मग दोन्ही बस निघाल्या. दुसरे वळण गेले, तिसरे गेले, आणि राजांची वाचा ऐसी फुटली की थांबेना. कोणत्या घाटात कोणता वाहक कसा गाई, कोणत्या वर्षी दसऱ्यास एका म्हातारीने बसमध्येच त्यांस सोने दिले आणि "घरी पोरगी असेल, तिला दे" म्हणाली, आणि ते पान खिशात चुरगळोन गेले, तेही सांगितले. खाली समुद्र दिसला तेव्हा सुचिता बोलिली, "बाबा, दसऱ्याला मी तुमच्याबरोबर पहिल्यांदा आले." राजांनी लांब हॉर्न दिला. मागून कन्येनेही दिला. मथुबाई आपट्याचे पान घेऊन डब्याकडे निघाल्या, तो दस्तगीरभाई ओरडले, "काकी, वरती! वरतीच ठेवा!"

येणेप्रमाणे दसऱ्याची स्वारी यशस्वी जाहली, कार्ड सुखरूप आहे, कन्या वेळेत ड्यूटीस पोचली. श्रोते हो, इतुकेच मागणे: पुढले सणास गाडीतून घरी उतराल, तेव्हा पुढे स्टेअरिंगवर बसला असेल त्याचे क्षणभर स्मरण ठेवा. त्याचेही घरी कोणी वाट पाहते.