वाणात गेलेला पट्टा

रेडिओचा पट्टा तुटला तेव्हा चंद्रकांताबाईंच्या ओठांवर जप होता, म्हणून त्यांना ‘अगं बाई’सुद्धा म्हणता आलं नाही. त्यांनी जप पुरा केला, तुळशीला नमस्कार केला, आणि मग पायाशी पडलेल्या रेडिओकडे बघून म्हटलं, “अगं बाई!”

रेडिओ केळीच्या पाल्याच्या ढिगावर पडला होता, त्यामुळे त्याला काहीच झालं नव्हतं. उलट पडल्यापडल्याही त्यातून भजन चालूच होतं. पण वरचा चामडी पट्टा, ज्याला धरून तो उचलायचा, एका टोकाला फाटून लोंबत होता.

रेडिओ त्यांचा असता तर गोष्ट वेगळी. तो होता वाडीच्या कुंपणापलीकडच्या ॲन्सेल्मचा. पोरगा बोटीवर नोकरीला. परदेशातून आणलेला हा बॅटरीचा रेडिओ तो सख्ख्या आईलाही उचलू देत नसे. पण अधिक महिना लागला, आणि सकाळचं भजन कानांवर पडल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही असा नेम चंद्रकांताबाईंनी धरला, तेव्हा रोज सकाळी तो आपणहून कुंपणावरून रेडिओ पुढे करी. चंद्रकांताबाई तो लोकरीच्या फडक्यानं धरून घेत, कारण सोवळ्यात चामडं कसं धरायचं? परवाच्या दिवशी कंपनीच्या कामासाठी मुंबईला जाताना तर तो म्हणाला होता, “काकी, परत येईपर्यंत तुमच्याकडंच ठेवा. तुमचा नेम मोडायला नको.”

विश्वासानं दिलेली वस्तू, आणि तिची ही गत! ॲन्सेल्म उद्याचा दिवस सोडून परवा येणार. तोपर्यंत पट्टा होता तसा झाला पाहिजे, एवढं एकच त्यांनी मनाशी धरलं.

“अहो,” त्यांनी हाक मारली, “तुम्ही आज फुलपाड्याला वाण घेऊन निघालाच आहात ना?”

जगन्नाथभाऊ ओसरीवर टोपी शोधत होते. ती डोक्यावरच होती. “निघालोच आहे. का?”

“वाटेत विरारला हिरामण चांभाराकडे हा पट्टा द्या. पण झाकून न्या हो. उघडा नेलात तर नंदाखालपर्यंत बातमी जाईल, आणि तिथून ॲन्सेल्मच्या घरी.”

झाकून न्यायला आगाशीच्या घरात असतं काय? केळीचं सुकं पान. जगन्नाथभाऊंनी दोन्ही पितळी कड्यांमधून पट्टा सोडवला, सुक्या पानात गुंडाळला आणि केळीच्याच सोपटानं बांधला. बांधून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की शेजारीच वाणाच्या अनारशांबरोबर द्यायची सुकेळ्यांची, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांची, पुडी पडली आहे. तीही सुक्या पानातच, सोपटानंच बांधलेली. लांबीलाही तेवढीच.

“नीट ऐका,” चंद्रकांताबाईंनी बजावलं. “जावयाचं वाण उजव्या हातात. चामडं डाव्या हातात. एकमेकांना लागू द्यायचं नाही.”

“मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

“कुक्कुल्या बाळाला मी वाण घेऊन पाठवलं नसतं.”

जगन्नाथभाऊ निघाले ते दोन्ही हात अंगापासून लांब धरून, वाडीला पाणी घालायला निघालेल्या कावडीसारखे. टांग्यात चढेपर्यंत सगळं ठीक होतं. पण चढायला एक हात तरी मोकळा लागतो. त्यांनी डाव्या हातातलं उजव्यात घेतलं. मग अनारशांचा डबा घसरला, म्हणून उजव्यातलं सगळं मांडीवर घेतलं. बोळिंजला टांगेवाल्यानं तंबाखूला हात पुढे केला, तेव्हा त्यांनी मांडीवरचं बाजूला ठेवलं. विरारला उतरताना त्यांनी पुन्हा उजव्या हातात एक आणि डाव्या हातात एक पुडी घेतली, आणि बायकोचा शब्द तंतोतंत पाळल्याच्या समाधानात ते हिरामणच्या दुकानापुढे उभे राहिले.

“जुनं आहे,” डावी पुडी ठेवत ते म्हणाले. “कडक झालंय. एका टोकाला तुटलंय. नीट शिवून ठेव, उद्या नेतो.” आणि विहीणबाईंच्या जेवणाला उशीर नको म्हणून लगेच पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रकांताबाई भजन ऐकून, पानावर बसून पहिला घास घेणार, तोच अंगणात हिरामण उभा. हातात उघडलेली पुडी.

“मालक आहेत का?”

“काय रे हिरामण, झालं का काम?” जगन्नाथभाऊ बाहेर आले.

हिरामणनं डोकं खाजवलं. “तेच विचारायला आलो. काल संध्याकाळपासून मी बघतोय. तुम्ही म्हनालात जुनं आहे, कडक आहे. पन मालक, ही तर ताजी आहेत. मऊ आहेत. एक खाऊन पन बघितलं. आता याला टाका घालायचा कुठं?”

पुडीत सुकेळी होती. सोनेरी, पाकाळलेली, चंद्रकांताबाईंनी स्वतः उन्हात वाळवलेली.

जगन्नाथभाऊ सुकेळ्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी आपला उजवा हात बघितला, डावा बघितला, आणि पुन्हा उजवा.

“अहो,” आतून अगदी हळू आवाज आला, “मग वाणात काय गेलं?”

चंद्रकांताबाई घास तसाच ठेवून उठल्या. अधिक महिन्याचं वाण, तेही जावयाला, आणि त्यात चामडं! शिवाय विहीण कोण, तर पुतळाबाई. त्यांच्या घरी जावईबापूंचा कमरपट्टासुद्धा पडवीच्या खुंटीला टांगलेला असायचा. पैशाचं पाकीट उंबऱ्याच्या आत येत नसे. आता लेकीनं, मंदानं, त्या घरात दिवस कसे काढायचे?

“पुतळाबाईंना मोतीबिंदू आहे,” जगन्नाथभाऊ धीर देत म्हणाले. “दिसलं नसेल.”

“दिसलं नसेल तर खाल्लं असेल!”

हिरामणनं आणलेली पुडी त्याच्याकडेच ठेवायला सांगून, घरातली दुसरी ताजी सुकेळी घेऊन दोघं टांग्यात बसले. हिरामणही त्याच टांग्यानं परतला. वाटेत तो एवढंच म्हणाला, “पट्टा सापडला तर घेऊन या. मी दुकानातच आहे.”

फुलपाड्याला पुतळाबाई दारातच भेटल्या. “या या, विहीणबाई! कालच भाऊ येऊन गेले, आज तुम्ही. सगळं बरं ना?”

“बरं आहे,” चंद्रकांताबाई म्हणाल्या आणि थबकल्या. ओटीवर मंदाचं बाळ बसलं होतं, आणि त्याच्या तोंडात रेडिओचा पट्टा होता. दोन्ही मुठींत धरून ते तो अशा निष्ठेनं चघळत होतं की लाळ पोटापर्यंत आली होती.

“बोलू नये,” पुतळाबाई बोलू लागल्या, “पण यंदाचं सुकेळं फार चिवट हो. मी दुधात भिजवलं. नाही जमलं. मग तुपात घातलं, वाफ दिली, चांगलं रात्रभर तुपातच ठेवलं. मऊ झालं लोण्यासारखं, पण तुटेल तर शपथ. शेवटी बाळाला दिलं. दात येताहेत ना, रात्रंदिवस किरकिर. हे तोंडात धरलं आणि गप्प झालं बघा. पण मी म्हणते, आगाशीच्या सुकेळ्याचं नाव केवढं, आणि पुडीत एकच, तेही असं?”

चंद्रकांताबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बारा गावांत त्यांच्या सुकेळ्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं. पण बोलायचं काय? खरं सांगावं तर मंदाचं कठीण. खोटं बोलावं तर अधिक महिना. त्यांनी मनातल्या मनात देवाला विचारलं आणि जेवढं खरं होतं तेवढंच उचललं.

“ते आमच्या झाडाचं नव्हतं,” त्या म्हणाल्या.

“तरीच!”

“चुकून वाणात आलं. म्हणून हे चांगलं घेऊन आले. ते परत नेते.”

“इश्श! वाण कुणी परत नेतं का?”

“परत नाही हो, बदलून नेते.”

“वाण बदलतात?” पुतळाबाई बुचकळ्यात पडल्या.

चंद्रकांताबाईही बुचकळ्यात पडल्या. हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. जगन्नाथभाऊ आढ्याकडे बघत म्हणाले, “अधिकात चालतं बहुतेक. महिनाच अधिक असतो.”

पुतळाबाईंना ते पटलं की नाही कळलं नाही, पण तेवढ्यात मंदा बाहेर आली. तिनं आईचा चेहरा बघितला, बाळाच्या तोंडातली वस्तू बघितली, आणि काहीही न विचारता ती वस्तू बाळाच्या हातातून सोडवून पदराखालून आईच्या पिशवीत टाकली. बाळाचा एक क्षण विश्वासच बसला नाही. मग ते असं रडलं की टांगा गल्लीच्या टोकाला पोचला तरी आवाज येत होता.

“रडेना का,” जगन्नाथभाऊ म्हणाले. “पट्टा मिळाला.”

नातवाला रडवून दुसऱ्याची वस्तू नीट परत करायची, हे पुण्यात धरायचं की पापात, याचा चंद्रकांताबाई हिशेब लावत होत्या, आणि तो लागत नव्हता.

हिरामणनं पट्टा हातात घेतला, वाकवला, पिळला, नाकाशी नेला आणि डोळे मोठे केले. “काय झालंय या चामड्याचं! आम्ही तेल पाजून पाजून दमतो, तरी असं मऊ होत नाही. हे कोनी मुरवलं?”

“आमच्या विहीणबाईंनी,” जगन्नाथभाऊ बोलून गेले.

“त्यांना सांगा, माझ्याकडं अजून चार पट्टे पडलेत.”

टाका असा बसला की जोड दिसेना. रात्री जगन्नाथभाऊंनी पट्टा कड्यांत ओवला, आणि चंद्रकांताबाईंनी लांबूनच बघून हात जोडले. दुसऱ्या दिवशी भजन झालं, आणि थोड्याच वेळात कुंपणापाशी ॲन्सेल्म हसत उभा राहिला. रेडिओ त्याच्या हाती देताना त्यांचा जीव मुठीत होता. त्यानं पट्टा बघितलासुद्धा नाही. खिशातून चाकू काढून त्यानं तो एका बाजूनं चर्रकन कापला, मग दुसऱ्या बाजूनं.

“अरे, अरे, हे काय?”

“काकी, मी मुद्दाम शोधत फिरलो मुंबईभर.” त्यानं पिशवीतून जाड कापडाचा विणलेला पट्टा काढला. “हे चामडं तुम्ही फडक्यानं धरता, मला बघवत नाही. आता हा धरा, सोवळ्यात पण चालेल. आणि हे जुनं टाकून देतो. नाही तरी सुकून कडक झालेलं...” त्यानं हातातला तुकडा दाबून बघितला आणि गोंधळला. “हे मऊ कसं झालं?”

चंद्रकांताबाईंना हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात फाटकाशी सायकलची घंटा वाजली. जावई तुळशीदास होता. डोळे लाल, केस विस्कटलेले, सदऱ्याची गुंडी भलत्याच काजात.

“सासूबाई,” उतरता उतरता तो म्हणाला, “आई म्हणते, नवी सुकेळी फार गोड आहेत. पण बाळ त्यांना तोंड लावत नाही. रात्रभर घरात कुणाचा डोळ्याला डोळा नाही. तेवढं ते न तुटणारं सुकेळं द्याल का?”

जगन्नाथभाऊ घाईघाईनं पुढे झाले. “जावईबापू, ते म्हणजे काय आहे...”

“तुम्ही थांबा,” चंद्रकांताबाई म्हणाल्या. त्यांनी कुंपणापलीकडे हात केला. “ॲन्सेल्म, ते टाकू नकोस. इकडे आण.”

“काकी, चामडं आहे ते! आणि हात तुमचा तसाच, फडकं कुठंय?”

तुळशीदासनं एकदा सासूबाईंच्या तळहातावर आलेल्या पट्ट्याकडे बघितलं, एकदा ॲन्सेल्मकडे. त्याचे लाल डोळे हळूहळू वाटोळे झाले. पण रात्रभर जागलेला माणूस होता तो. झोळी पसरावी तशी त्यानं पिशवी उघडली.

“बाळापाशीच ठेवा हं,” पिशवीत पट्टा सोडत चंद्रकांताबाई म्हणाल्या. “स्वयंपाकघरात नेऊ नका. आणि आईंनी विचारलं तर मला विचारा म्हणावं. महिना संपल्यावर.”

सायकल दिसेनाशी झाली. जगन्नाथभाऊ बायकोकडे वळले. “अगं, पण देवाला काय सांगशील?”

“मलाच कळत नाही काय सांगू,” त्या म्हणाल्या. “पण त्यालाही कधी तरी दात आलेच असतील की.”