पाण्याचं नाव काढायचं नाही

"आज तुमी पान्याचं नाव काढाचं नाही," टेकडीच्या पायथ्याशी गाडीतून उतरता उतरता रुख्माबाईंनी नवऱ्याला बजावलं. "तहान लागली तरी मले खुनेनं सांगा."

केशोरीच्या दुधरामभाऊ गहाण्यांनी निमूटपणे मान हलवली. दुसरं करणार काय? लेकीची, रुचिकाची, तीन स्थळं त्यांच्याच जिभेनं घालवली होती. पहिल्या घरी चहा यायच्या आत त्यांनी मोरीचा उतार उलटा असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या घरी विहिरीत खडा टाकून पाहिला आणि "ही मार्चात आटते" असं होणाऱ्या व्याह्यांना तोंडावर ऐकवलं. तिसऱ्या घरी तर बोलणी चालू असताना ते परसात फावड्यासकट सापडले. सात पिढ्या तलाव बांधण्यात गेलेल्या. वाहतं पाणी दिसलं की गहाण्यांचे हात शिवशिवणारच. रुचिका यावर कधी रागावली नाही, नुसती हसायची. त्या हसण्यानंच त्यांच्या काळजाला घरं पडायची. या खेपेला लग्न जमलंच पाहिजे, असं त्यांनी मनाशी घट्ट ठरवलं होतं.

चौथं स्थळ फुलचूरचं. मुलगा प्रफुल कापगते, बँकेत नोकरीला. पोह्यांच्या बशीपुढे मान खाली घालून बसण्यापेक्षा नवेगावबांधच्या तलावालगतची टेकडी चढू आणि वर कड्यावर बसून बोलू, ही कल्पना त्याचीच. रुचिकाला ती इतकी आवडली की आई-बापांच्या गुडघ्यांचं मत कुणी विचारलंच नाही.

अशी ही वरात निघाली. पुढे तरुण मंडळी, मागे प्रफुलचे वडील देवचंदजी, त्यांच्यासोबत वाट दाखवणारा वनखात्याचा उदाराम, मग दोघी आया आणि शेवटी ओठ मिटलेले दुधरामभाऊ. पहिल्याच वळणावर आयांनी हात टेकले. प्रफुलच्या आईनं, पुष्पांजलीबाईंनी, मोहाच्या झाडाखाली सतरंजी अंथरली आणि पुऱ्यांचं टोपलं मध्ये ठेवलं. बाकीचे पुढे गेले.

दुसऱ्या वळणावर घात झाला. वरच्या झऱ्याचं बोटभर पाणी पायवाटेवर उतरून माती खात खाली चाललं होतं. दुधरामभाऊंनी तोंड फिरवलं आणि लांब तलावाकडे पाहिलं. तलाव पाहून तर अंगात आणखीच वारं शिरलं. शेवटी त्यांनी विचार केला, शपथ तोंडाची आहे, हातांची नाही. त्यांनी एक दगड ठेवला.

पाणी दगडाला वळसा घालून गेलं. हा सरळसरळ अपमान होता. दुसरा दगड आला, मग तिसरा, मग फटीत चिखल, मग चिखलावर पालापाचोळा.

"या ना जी भाऊ!" वरून उदाराम ओरडला.

"दम लागला जी!" दुधरामभाऊ खालून ओरडले आणि कोपरापर्यंत बाह्या सारल्या.

अर्ध्या तासात मांडीएवढ्या उंचीची पाळ उभी राहिली आणि मागे बैलगाडीएवढं डबकं साचलं. दुधरामभाऊंना इतका आनंद गेल्या कित्येक महिन्यांत झाला नव्हता. सांडवा कुठून काढावा हे नीट दिसावं म्हणून ते दोन पावलं मागे सरकले, आणि त्यांची टाच नेमकी पाळीवर पडली.

पाळ फुटली. पाणी खो खो करत पहिल्या वळणाकडे धावलं.

"अव माय! पुऱ्या वाहून चालल्या!" पुष्पांजलीबाईंची किंकाळी आली. रुख्माबाई मात्र किंचाळल्या नाहीत. पाणी कुठून आलं ते त्यांना बरोबर कळलं होतं.

"अजीऽऽऽ!" एवढीच हाक आली.

वरून देवचंदजी आणि उदाराम धावत खाली आले. "जंगलातला दगड हलवाची परवानगी नाही जी! कोनं केलं हे?" उदारामनं विचारलं. चिखलानं माखलेल्या दुधरामभाऊंनी खुणेनं बोट स्वतःकडे केलं.

देवचंदजी पस्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढून निवृत्त झालेले. ते खाली वाकले, फुटक्या पाळीची माती उचलली आणि मुठीत दाबली. पुऱ्यांमागोमाग चौथं स्थळही वाहून गेलं, असं दुधरामभाऊंच्या मनानं घेतलं.

"माती भुरभुरी आहे," देवचंदजी म्हणाले. "हिची पाळ टिकते का?"

मग मात्र शपथ सुटली. "चिकन माती वरच्या अंगाले हाय. थे आनाले माझ्यापाशी टोपलं होतं का?"

"अन् सांडवा?"

"डाव्या हातानं काढनार होतो."

"डाव्या? उजवीकडं खडक आहे, तो दिसून नाही राहिला का?"

"साहेब, खडक कागदावर बरा दिसते. पान्याले डावीकडं जाचं हाय. त्याले इचारा!"

देवचंदजींनी पाण्याकडे पाहिलं. मग चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि म्हणाले, "चला, आना माती, इवाई."

इवाई! व्याही म्हणाले की हो! दुधरामभाऊंच्या डोळ्यांत पाणी तरारलं. जमलं, लग्न जमलं! ते उड्या मारतच खाली गेले, उरल्यासुरल्या पुऱ्या सतरंजीवर उपड्या केल्या आणि टोपलं घेऊन वर पळाले. मागोमाग दोघी आया ओल्या लुगड्यांनी चढून आल्या.

तासभर दोन्ही म्हातारे केशोरीच्या तलावाच्या गोष्टी करत चिखलात लोळत होते. उदारामनं आधी शिट्टी फुंकली, मग "थोडी वर घ्या जी" असा सल्ला दिला, आणि शेवटी स्वतःच दगड आणू लागला. "कोनी इचारलं त सांगीन, रानडुकरायनं केलं," तो म्हणाला. सांडवा डावीकडूनच निघाला. पायवाट कोरडी झाली.

"आमच्या घरचं आंगनबी यायनं असंच खोदून ठेवलं हाये," पुष्पांजलीबाई पदर पिळत रुख्माबाईंना म्हणाल्या. "बसा."

तेवढ्यात रुचिका आणि प्रफुल कड्यावरून उतरले. दोघांची हसून हसून मुरकुंडी वळली होती.

"काय ठरलं, बेटा?" दुधरामभाऊंनी चिखलाचे हात पुढे केले. "पक्कं ना?"

"पक्कं, बाबा. नाही म्हनाचं पक्कं."

"नाही? काऊन?"

"प्रफुल लय चांगला हाये. पन आमी दोघं वरून पाहून राहिलो होतो. इकडं तुमी, तिकडं त्याचे बाबा. जलमभर पुऱ्या कोन वाचवन?"

"खरं आहे, काका," प्रफुल डोळे पुसत म्हणाला. "एका घराले असा एकच मानूस पुरे."

दुधरामभाऊंचा चेहरा एवढासा झाला. देवचंदजींचा त्याहूनही लहान झाला.

"मंग," देवचंदजींनी हळूच विचारलं, "तुमच्या केशोरीचा तलाव पाहाले मी आता येऊ नको का?"

"अजी, येऊ नको म्हंजे? रविवारीच या! तुडुंब भरला हाये. मुक्कामानंच या!"

देवचंदजींनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघं पाण्याबद्दल बोलत बोलत टेकडी उतरू लागले. मागे वळून कुणी पाहिलं नाही. चिखलानं भरलेलं टोपलं उचलत रुख्माबाई पुष्पांजलीबाईंना म्हणाल्या, "पाहा बाई, पोरगी द्याले आलो होतो, अन् नवरा देऊन चाललो."